पट्टी रोज बदलते, जखम का भरत नाही?

आमच्या डिव्हिजनच्या एका हेल्थ युनिटमध्ये सकाळी आठ वाजता ड्रेसिंगच्या खोलीबाहेरचे बाकडे भरलेले असते. तिथे नंबर लावावा लागत नाही. कोण कोणानंतर हे सगळ्यांना पाठ असते, कारण माणसे रोज तीच असतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, घोट्याभोवती पिवळी पडलेली पट्टी, हातात औषधाचा कागद. ट्रॅक मेंटेनर असतात, ज्यांना आपण अजून गँगमनच म्हणतो. पॉइंट्समन असतात, गेटवाले असतात, दोन निवृत्त खलाशी आणि एक सफाईवाल्या बाई असतात. ड्रेसर पट्टी सोडतो, लाल औषध लावतो, पावडर टाकतो, नवी पट्टी बांधतो आणि म्हणतो, "उद्या या." हे "उद्या या" काहींच्या बाबतीत पाच-पाच वर्षे चालू आहे.

युनियनच्या कामासाठी आम्ही या युनिटमध्ये किती वेळा गेलो असू याची गणती नाही. फिट सर्टिफिकेट अडले, बाहेर रेफर करत नाहीत, गोळ्या संपल्या, अशी भांडणे घेऊन गेलो. जाता-येता बाकड्यावरच्या मंडळींना रामराम घातला आणि डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये शिरलो. परंतु एक जखम पाच वर्षे भरत कशी नाही, हा साधा प्रश्न आमच्या डोक्यात कधी आला नाही. जखम म्हटली की पट्टी आणि पट्टी म्हटली की ड्रेसर, एवढेच आमचे ज्ञान. आम्ही मॅट्रिक शिकलेली माणसे, पण डॉक्टरी शिकलेल्यांनीही तो प्रश्न विचारला नाही, हे नमूद केले पाहिजे.

या लेखात आम्ही दोन सहकाऱ्यांच्या पायांची हकीगत सांगणार आहोत. पहिली सांगताना आनंद होतो, दुसरी सांगताना मान खाली जाते. दोन्ही ऐकल्याशिवाय आमची मागणी काय आहे आणि ती अशीच का आहे, हे वाचक बंधू-भगिनींना कळणार नाही.

अण्णांचा पाय

अण्णा म्हणजे आमच्या सेक्शनमधले जुने चावीवाले. रोज पहाटे हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून आपली पूर्ण बीट पायी तपासायची, निसटलेली चावी ठोकायची, सैल बोल्ट आवळायचा. पायाखाली खडी. फुटपाथवर चालणे वेगळे आणि पन्नास मिलिमीटरच्या धारदार खडीवर चालणे वेगळे, हे या मासिकाच्या रेल्वेवाल्या वाचकांना सांगायला नको. चोवीस वर्षे हे काम केलेल्या अण्णांच्या डाव्या पोटरीवर दोरखंडासारख्या शिरा फुगल्या होत्या. त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. गँगमधल्या निम्म्या लोकांच्या पोटऱ्या तशाच. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी-तपकिरी पडली, खाज सुटली, एके दिवशी खडीचा टवका लागला आणि जखम झाली. ती आठ वर्षे भरली नाही.

आठ वर्षांत अण्णांनी काय केले नाही? हळद लावली, कडुलिंबाच्या पाण्याने धुतली, कोणी सांगितले म्हणून कॉफीची पूड दाबून भरली. युनिटमधून अँटिबायोटिकच्या गोळ्यांचे कोर्स किती झाले ते त्यांनाही आठवत नाही. पावडर टाकून टाकून जखमेच्या कडेची कातडी सोलून निघाली. नंतर कळले की अशा जखमांवर वर्षानुवर्षे निओमायसिनसारखी औषधे चोळली की कातडीला त्याच औषधाची ॲलर्जी होते, आणि आपण समजतो जखम चिघळली. रजा संपल्या, मग बिनपगारी. पावसाळ्यात पाझर वाढायचा. मुलीच्या लग्नात अण्णा पायमोजे घालून मांडवात उभे होते. मंगलाष्टके संपली तेव्हा डावा मोजा ओला झाला होता आणि त्याला वास येत होता. त्यानंतर ते कोणाच्या लग्नाला गेले नाहीत. घरात वेगळे बसून जेवू लागले. जखमेचे हे दुखणे कोणत्याही सिक मेमोत लिहिलेले नसते.

योगायोग असा की भाच्याला दाखवायला ते एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओ.पी.डी.त गेले. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी भाच्याआधी अण्णांकडे पाहिले. म्हणाले, "काका, स्टुलावर उभे राहा बरे." शिरा पाहिल्या. मग ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला बांधून प्रेशर घेतले, आणि तोच पट्टा घोट्याच्या वर बांधून पायाचेही घेतले. पायाला स्टेथोस्कोप नव्हे, तर पेनाएवढे एक यंत्र जेली लावून टेकवले. त्यातून सूं-सूं आवाज येत होता. त्याला हँड डॉप्लर म्हणतात. दंडाचे प्रेशर १३०, पायाचे १३६. डॉक्टर म्हणाले, "छान. रक्त पायात नीट उतरते आहे. तुमचे वर चढत नाही. ही जखम कातडीची नाही, शिरेची आहे. आठ वर्षे चुकीच्या जागी इलाज चालला आहे."

ते आम्हांला जसे समजले तसे सांगतो. हृदयातून शुद्ध रक्त धमन्यांतून पायापर्यंत जोराने येते. ते परत वर नेण्याचे काम शिरा करतात, आणि शिरांना पंप नाही. त्यांचा पंप म्हणजे पोटरीचा स्नायू. चालताना पोटरी आवळली की रक्त वर ढकलले जाते, आणि खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी झडपा असतात. झडपा गेल्या की रक्त खाली कोसळते. उभ्या माणसाच्या घोट्याजवळ शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. निरोगी पायात चार पावले चालताच तो झपाट्याने उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो दिवसभर तसाच राहतो. त्या दाबाने रक्तातले पाणी आणि लाल पेशी बाहेर झिरपतात, म्हणून सूज आणि म्हणून तो तपकिरी रंग. अशा कातडीला साधा ओरखडासुद्धा पुरतो. वरून कितीही मलम लावा, आत दाब आहे तोवर जखम भरणार नाही. बंधाऱ्याला गळती असताना खालच्या ओट्यावर फडके मारण्यासारखे आहे ते.

मग इलाज काय? बाहेरून दाब देणे. घोट्याशी सर्वांत जास्त, सुमारे ४० मिलिमीटर, आणि गुडघ्याकडे जाताना कमी कमी होत जाणारा. अण्णांना चार थरांची दाबपट्टी बांधली. आत कापसाचा मऊ थर, त्यावर क्रेप, त्यावर लवचिक पट्टी, सर्वांत वर स्वतःला चिकटणारी पट्टी. बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत. जखम फक्त मिठाच्या पाण्याने धुतली, त्यावर न चिकटणारी साधी जाळी. गोळ्या बंद. जखमेत जंतू असतातच, आजूबाजूला लाली पसरत असेल, ताप असेल, दुखणे एकाएकी वाढले असेल तरच अँटिबायोटिक, असे डॉक्टरांनी सांगितले. पट्टी रोज सोडायची नाही, आठवड्यातून एकदा. पलंगाच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा ठेवायच्या. आणि चालायचे, कारण चालल्याशिवाय पोटरीचा पंप चालत नाही. एका जागी ताटकळत उभे राहायचे नाही.

तीन आठवड्यांत वास गेला. पाच महिन्यांत जखम भरली. आठ वर्षांची जखम पाच महिन्यांत! नंतर कलर डॉप्लर करून नेमकी कोणती शीर बिघडली ते पाहिले आणि ती आतून उष्णता देऊन बंद केली. दुसऱ्या दिवशी अण्णा घरी. आता ते रोज सकाळी अंथरुणातून खाली उतरण्याआधी दाबाचा पायमोजा चढवतात. हा मोजा जन्माचा सोबती आहे, आणि सहाएक महिन्यांत सैल झाला की बदलावा लागतो. तो मोजा मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला तेव्हा "यादीत नाही" असे उत्तर आले, हे जाता जाता सांगून ठेवतो.

कोणी म्हणेल, एका अण्णांवरून सिद्धांत मांडू नका. मांडत नाही. पाय दाबून बांधण्याचा हा इलाज फार पूर्वीपासून चालत आला आहे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या उना नावाच्या डॉक्टरांनी जस्ताच्या लेपाची पट्टी काढली, तिला आजही 'उनाचा बूट' म्हणतात. लंडनच्या चेरिंग क्रॉस हॉस्पिटलने चार थरांची पट्टी तयार केली आणि १९८८ साली निकाल छापला. आधीच्या इलाजाने न भरलेल्या जखमांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश बारा आठवड्यांत भरल्या होत्या. २००४ साली इंग्लंडमध्येच दिसले की दाबपट्टीबरोबर शिरेचे ऑपरेशन केले तर वर्षभरात जखम पुन्हा उघडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर येते. २०१८ साली ४५० रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत असे निघाले की शीर लवकर बंद केली तर जखम भरायला ५६ दिवस लागतात, नंतर केली तर ८२. म्हणजे इलाज माहीत आहे, जुना आहे आणि त्यात अवघड फारसे काही नाही. तो आमच्या बाकड्यापर्यंत पोहोचला नाही, एवढेच.

गेटवाल्या मामांचा पाय

अण्णांचा पाय बरा झाला तेव्हा आमच्या युनियन ऑफिसात पेढे वाटले गेले. आम्ही प्रत्येक सभेत अण्णांना उभे करू लागलो. पँट वर करा, दाखवा. टाळ्या पडत. दाबपट्टी, दाबपट्टी असा आमचा एकच जप सुरू झाला. त्याच सुमारास लेव्हल क्रॉसिंगवरचे आमचे एक जुने सभासद, ज्यांना सगळे मामा म्हणत, यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला जखम झाली. बारा तासांची ड्युटी, दिवसाला विड्यांचा एक कट्टा. आमच्या शाखेच्या एका कार्यकर्त्याने मेडिकलमधून लवचिक पट्टी आणली. ती बांधली जात होती तेव्हा आम्ही तिथे हजर होतो, आणि "घट्ट बांधा, सैल ठेवू नका" हे शब्द आमचे होते.

मामांना रात्रभर झोप आली नाही. पाय पलंगावरून खाली सोडून बसले की जरा बरे वाटायचे. त्यांनी फोन करून सांगितले. आम्ही म्हणालो, "मामा, सुरुवातीला दुखतेच. दम धरा." चौथ्या दिवशी बोटे काळी पडली. शहरातल्या हॉस्पिटलात नेले तेव्हा दंडाचे प्रेशर १४०, घोट्याचे ५०. मामांच्या धमन्याच अरुंद झाल्या होत्या. पायात मुळात रक्त पोहोचत नव्हते, आणि जे थोडे पोहोचत होते ते आमच्या पट्टीने अडवले. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. सर्जन समजूतदार होते. म्हणाले, हा पाय तसाही धोक्यात होता, वाचला असता असे छातीठोक सांगता येत नाही. पण पट्टी बांधली नसती तर धमनीवर इलाज करून पाहायला वेळ मिळाला असता. हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. तो दोष प्रशासनाचा नव्हता, ड्रेसरचा नव्हता. तो आमचा होता. मामांनी आम्हांला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून आम्हीच तो येथे लिहून ठेवत आहोत.

दुःख याचे की लक्षणे डोळ्यांसमोर होती. वर्षभरापासून मामा सांगत होते की गेटपासून तीन खांब चाललो की पोटरी धरते, दोन मिनिटे थांबलो की सुटते, पुन्हा तीन खांबांवर धरते. विजेचे ते खांब आपल्या रोजच्या मोजमापाचे, त्यामुळे मामांचे माप चुकायचे नाही. आम्ही त्याला वय झाले म्हणत होतो. पायात रक्त कमी पडत असल्याची ही खूण आहे. अण्णांना पाय वर ठेवला की आराम पडायचा, मामांना खाली सोडला की. अण्णांची जखम घोट्याच्या आतल्या बाजूस, उथळ, पाझरणारी. मामांची बोटांवर, कोरडी, खोल, फार दुखणारी, आणि पाऊल हाताला गार लागणारे. विडी-सिगारेटमुळे धमन्या बंद होण्याचा बर्गर नावाचा आजार तर ऐन तिशी-चाळिशीतल्या माणसांना होतो, आणि त्यात विडी सोडणे हाच पहिला इलाज आहे. विडी चालू ठेवून कोणतेही औषध लागू पडत नाही.

हे सगळे ठरवणारी तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे. घोट्याच्या प्रेशरला दंडाच्या प्रेशरने भागायचे. उत्तर एकच्या आसपास आले तर धमनी ठीक. ०.८ च्या खाली आले तर पूर्ण दाबाची पट्टी बांधायची नाही, डॉक्टरांनी विचार करून हलकी बांधायची की नाही ते ठरवायचे. ०.५ च्या खाली आले तर दाब अजिबात नाही, ताबडतोब रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे. अण्णांचे उत्तर १.०५ होते. मामांचे ०.३६. दोघांच्या जखमांवर युनिटमध्ये मात्र एकच लाल औषध आणि एकच पावडर.

मामांची नोकरी वाचली, ती कायद्यामुळे. पाय गेल्यावर कार्यालयातून त्यांना सुचवण्यात आले की सेवा बरीच झाली, स्वेच्छेने निवृत्त व्हा. आम्ही कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल पुढे ठेवला. सशस्त्र दलातल्या एका शिपायाला ड्युटीवर पायाला इजा झाली, गँगरीन होऊन पाय काढावा लागला, त्याला नोकरीतून काढले. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली सांगितले की १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही. त्याच पगारश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते, तसे पद नसेल तर जादा पद निर्माण करावे लागते. तीच तरतूद २०१६ च्या नव्या कायद्याच्या २० व्या कलमात आहे. मामा आता ऑफिसात टपाल नोंदवतात. शाखा सचिवांनी हा निकाल फायलीत लावून ठेवावा. तो वापरायची वेळ येऊ नये, हा मात्र या लेखाचा हेतू आहे.

न दुखणारी जखम

तिसरा एक प्रकार आहे आणि तो सर्वांत फसवा आहे, कारण तो दुखत नाही. मधुमेहाने पायाच्या नसा मरतात. बुटात खडीचा तुकडा शिरतो आणि माणूस आठ तास त्यावर चालतो, त्याला कळत नाही. तळव्याला भोक पडते. अशा पायाला पट्टीपेक्षा त्या जागेवरचा भार काढणे महत्त्वाचे. विशेष प्लास्टर, विशेष पादत्राण, काही आठवडे चालणे बंद. नायलॉनचा एक ठराविक जाडीचा दोरा तळव्याला टेकवून संवेदना आहे की नाही ते तपासता येते. मधुमेहवाल्यांच्या धमन्या कधीकधी चुन्यासारख्या कडक होतात आणि घोट्याचे प्रेशर खोटेच जास्त येते. भागाकार १.३ च्या वर गेला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कुष्ठरोगातही हेच घडते. या जखमांमागचे खरे कारण मेलेली संवेदना आहे, मांस आपोआप सडत नाही, हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले. रोगावर औषध आहे आणि ते फुकट मिळते, आणि १०,००० लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट आपल्या देशाने डिसेंबर २००५ मध्ये गाठले. परंतु जगातल्या नव्या रुग्णांत आपलाच वाटा अजून निम्म्याहून अधिक आहे, आणि ज्यांच्या नसा एकदा गेल्या त्यांचे पाय जन्मभर सांभाळावे लागतात. गँगमध्ये कोणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला तर त्याला लांब बसवू नका, डॉक्टरकडे न्या.

आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या जखमेच्या कडेला कधीकधी कॅन्सर होतो. योग्य इलाज करूनही तीन महिन्यांत जखम हलत नसेल, कडा उंच, फुलकोबीसारख्या वाढत असतील, तर कडेचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. त्या बाकड्यावरच्या किती जणांचा पाठवला गेला? आम्ही विचारले. उत्तर मिळाले नाही.

मग मागणी काय?

पी.एन.एम.च्या बैठकीत आम्ही हा विषय ठेवला तेव्हा पहिले उत्तर वाटाण्याच्या अक्षतांचे होते. "ड्रेसिंगचे साहित्य मुबलक आहे." साहेब, साहित्य मुबलक आहे हीच तर तक्रार आहे! रोज एक पट्टी वाया घालवायला साहित्य आहे, आणि एकदा नीट पाहायला यंत्र नाही. प्रत्येक हेल्थ युनिटला एक हँड डॉप्लर द्या, आणि तो वापरायला एक सिस्टर किंवा ड्रेसर शिकवा. इन्स्पेक्शनच्या दिवशी स्टेशनला जो रंग लागतो त्यापुढे हा खर्च कोणाच्या डोळ्यांत भरणार नाही. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ साली सांगून ठेवले आहे की गुडघ्याखालची शिरेची जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या विभागाकडे पाठवा. दोन आठवडे! आपल्याकडे किमान महिनाभराने तरी कोणी पाय उघडून पाहावा, दोन्ही प्रेशर घ्यावीत, साखर तपासावी, संवेदना तपासावी आणि कागदावर लिहावे की जखम शिरेची, धमनीची, नसेची की आणखी कशाची. "अल्सर लेग, ड्रेसिंग" एवढे लिहून पाच वर्षे ढकलणे बंद झाले पाहिजे. दाबाचे मोजे औषधांच्या यादीत घाला आणि वर्षाला दोन जोड द्या, निवृत्तांनाही.

प्रशासनाला माणसापेक्षा आकडे लवकर कळतात असा आमचा अनुभव आहे. तेव्हा त्याच भाषेत सांगतो. रोजच्या पट्टीऐवजी आठवड्याची पट्टी झाली तर त्या माणसाच्या महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांच्या चार होतात, आणि तेवढ्या ड्युट्या वाचतात.

आमच्याच काही सहकाऱ्यांचे म्हणणे आहे की डॉप्लर वगैरे राहू द्या, आधी दाबपट्ट्या वाटायची मागणी करा, त्यावर सभासद खूश होतील. या सूचनेला आमचा विरोध आहे आणि कारण वर सांगितले आहे. तपासणीशिवाय दाबपट्टी वाटणे म्हणजे आणखी मामा तयार करणे. आधी यंत्र, मग पट्टी. हा क्रम बदलायला आम्ही तयार नाही, मग सभेत टाळ्या कमी पडल्या तरी चालेल.

दुसरी गोष्ट बसण्याची. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय करण्याची तरतूद होती, आणि २०२० च्या नव्या संहितेतही ती घेतली आहे. पण फाटकाच्या आत लिहिलेले फाटकाबाहेर पोहोचायला वेळ लागतो. केरळात कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायांना दिवसभर बसायची मनाई होती. त्या लढल्या आणि २०१८ साली तिथल्या दुकान कायद्यात बसण्याचा हक्क आला. तामिळनाडूने २०२१ साली तोच हक्क दिला. स्टूल म्हणजे चैन नव्हे, हे त्या बहिणींनी देशाला शिकवले. आपण मात्र एवढ्या मोठ्या संघटना असून फलाटावर उभ्या असणाऱ्या तपासनिसाला, पॉइंट्समनला, कंत्राटी सफाईवाल्या बाईला टेकायला जागा मागितली नाही. कंत्राटी बाईंना तर हेल्थ युनिटचे कार्डही नाही. त्या बाकड्यावर बसतात ते ड्रेसरच्या भलेपणावर.

नुकसानभरपाईचेही असेच. १९२३ च्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत शिसे होते, पारा होता, सिलिकाची धूळ होती. उभे राहून राहून निकामी होणाऱ्या शिरा नव्हत्या. घरच्यांत हा त्रास असेल, वजन जास्त असेल, बायांना बाळंतपणे झाली असतील, तर कामाशिवायही शिरा फुगतात हे खरे आहे, आणि डॉक्टर ते सांगून आम्हांला गप्प करतात. परंतु झडप कमजोर असलेल्या माणसाला चोवीस वर्षे उभे कोणी ठेवले? तो मुद्दा फेडरेशनने घ्यावा अशी आमची विनंती आहे. त्यासाठी आकडे लागतील, आणि ते आज कोणाकडेच नाहीत, कारण बाकड्यावरच्या माणसांची मोजणी कधी झाली नाही.

म्हणून सर्व शाखा सचिवांनी आपापल्या युनिटच्या ड्रेसिंगच्या खोलीबाहेर एक सकाळ बसावे. कोणाचे नाव लिहू नये, पायाचा फोटो काढू नये, कारण ही माणसे आधीच लाजून वेगळी बसलेली असतात. फक्त एवढे लिहावे: काम कोणते, नोकरी किती वर्षांची, जखम किती महिन्यांची, कोणत्या जागी, साखर तपासली का, आणि पायाचे प्रेशर आजवर कोणी घेतले का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "नाही" येईल, तरी लिहावे. कागद पुढच्या पी.एन.एम.च्या आधी आमच्याकडे पाठवावेत. आमच्या युनिटचा कागद अण्णा आणि मामा दोघे मिळून भरत आहेत. मामा कुबडी भिंतीला टेकवून बाकड्याच्या कडेला बसतात आणि नव्या माणसाला पहिला प्रश्न तेच विचारतात, "किती खांब चालता येते?"